पैलवानचे सहा मिलिमीटर

"पैलवानचे पुढचे पाय वाकडे आहेत" हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा लवंगीने हातातला चमचा ताटात आपटला, आईने शिलाई मशीनचं चाक थांबवलं आणि बाबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. एखाद्याच्या घरी यायचं, त्यांच्याच कपातून चहा प्यायचा आणि त्यांच्याच लेकराला वाकडं म्हणायचं, म्हणजे काय!

वाक्य उच्चारणारे होते तळमजल्यावरचे कंपाउंडरकाका. तीस वर्षं एका दवाखान्यात बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून ते निवृत्त झाले होते आणि निवृत्त झाल्या दिवसापासून डॉक्टर झाले होते.

"वाकडे नाहीत, ऐटदार आहेत," लवंगी म्हणाली.

"अगं, नीट बघ तरी. एक पंजा निघालाय बाजारात, दुसरा निघालाय शाळेत. मधे कुत्रा उभा आहे, कुणाबरोबर जाऊ म्हणत."

सगळ्यांनी पैलवानकडे पाहिलं. पैलवान ग्रेट डेन जातीचा, वय साडेतीन महिने. देवाने बनवताना मापं कुठेतरी बदलली असावीत असं त्याचं ध्यान होतं. कान एका कुत्र्याचे, शेपटी दुसऱ्याची आणि पंजे बशीएवढे, जे भविष्यकाळातल्या कुठल्यातरी कुत्र्यासाठी आधीच मागवून ठेवलेले. आता त्याच्या पुढच्या पायांची मनगटं आत झुकली होती आणि पंजे बाहेर वळले होते, हे खरंच होतं. पण खरं असणं वेगळं आणि ते तोंडावर म्हणणं वेगळं.

लवंगीचा जास्त जळफळाट होण्याचं कारण असं की, पैलवान ही तिची कर्तबगारी होती. लवंगी हे तिचं टोपणनाव. आकार लहान, ठसका मोठा, असा त्याचा अर्थ. पण गेल्या वर्षापर्यंत हे नाव तिला निव्वळ चिडवायला वापरलं जाई, कारण ठसका सोडाच, वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. नववीत मात्र काय झालं कोण जाणे, आवाज फुटला. आणि फुटला तो असा की बाबांच्या साहेबांनी "पिल्लू हवंय का कुणाला?" एवढं विचारायला घरी फोन केला, आणि बाबांनी नको म्हणायच्या आत लवंगीने फोन घेऊन हो म्हणून टाकलं. साहेबांना हो म्हटल्यावर बाबा नाही कसे म्हणणार? असा आला पैलवान. त्याच्या पायांत खोट म्हणजे तिच्या नव्या आवाजात खोट.

"काही नाही, चुना कमी पडलाय," कंपाउंडरकाकांनी निदान केलं. "हाड म्हणजे तरी काय? चुनाच. कॅल्शियम द्या. बाटलीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट द्या. एवढं मोठं धूड, त्याला एक चमचा म्हणजे हत्तीला शेंगदाणा."

आईने ते मनावर घेतलं. आईचं एक तत्त्व होतं: कुठलाही प्राणी, माणूस धरून, बिघडला की तो उपाशी आहे असं समजायचं. कॅल्शियमच्या जोडीला दूध वाढलं, दुधाच्या जोडीला अंडी वाढली, अंड्यांच्या जोडीला भात. पैलवान दिवसातून चारदा जेवत होता, तो पाचदा जेवू लागला आणि मधल्या वेळात आईच्या मशीनखाली बसून कापडाचे तुकडेही चाखू लागला. दोन आठवड्यांत त्याचं पोट गोल गरगरीत झालं. आणि पाय? पाय त्या पोटाखाली अजूनच फाकले. आता एक पंजा बाजार ओलांडून पुढे गेला होता.

मग वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. या काकूंचा सल्ला मागावा लागत नसे, तो पाइपातल्या पाण्यासारखा वरून खाली आपोआप येई. "झाडाचं रोप वाकलं तर काय करतो आपण? काठी बांधतो. बांधा काठी."

काठी म्हणून बाबांच्या लाकडी फूटपट्ट्या निघाल्या. बाबा होते वजनमापे निरीक्षक. शहरातला प्रत्येक तराजू त्यांना ओळखत होता आणि प्रत्येक दुकानदार त्यांना ओळखून न ओळखल्यासारखं करत होता. घरातही त्यांचा कारभार तोच. दूधवाल्याचं माप ते उन्हात धरून बघत. आईने चिमूटभर मीठ म्हटलं की ते विचारत, "कुणाची चिमूट?" लवंगी जन्मली तेव्हा प्रसूतिगृहाच्या काट्यावर त्यांनी लेखी आक्षेप घेतला होता, म्हणून तिच्या जन्मनोंदीत वजनासमोर आजही 'अंदाजे' असा शब्द आहे. अशा माणसाच्या खात्याचा शिक्का असलेल्या दोन प्रमाणित फूटपट्ट्या पैलवानच्या पायांना सुती पट्टीने बांधल्या गेल्या. निदान वाकडेपणा तरी आता बरोब्बर मापात होता.

पट्ट्या बांधलेला पैलवान संचलनातल्या शिपायासारखा ताठ पायांनी चालत लिफ्टमध्ये गेला. चालण्यापर्यंत सगळं ठीक होतं. अडचण अशी की त्याला आता बसता येईना आणि वळताही येईना. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर समोर वरच्या काकूच, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. पैलवानला आनंद झाला. आनंद झाला की तो पुढचे दोन पाय समोरच्याच्या खांद्यावर ठेवी. आज ते पाय गुडघ्यात न वाकता, रेल्वेच्या फाटकाच्या दांड्यासारखे वर गेले आणि तसेच खाली आले. काकू वाचल्या. टोमॅटो वाचले नाहीत.

"मी काठी म्हटलं होतं," काकू जिन्याने वर जाताना म्हणाल्या, "फाटक नव्हतं म्हटलं."

दुसऱ्या दिवशी स्वारी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पोचली.

तिथल्या डॉक्टरीणबाई मोठ्या जनावरांत वावरलेल्या. बोलणं थोडं आणि दणदणीत. त्यांनी पैलवानला उचलून टेबलावर ठेवलं, पट्ट्या पाहिल्या आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?"

बाबा, आई आणि लवंगी, तिघांनीही पैलवानकडे पाहिलं, जणू त्यानेच हट्टाने बांधून घेतल्या होत्या.

"सोडा आधी. आणि कॅल्शियम देत असाल तर तेही बंद. आजपासून, एक थेंबही नाही."

"पण हाडांना..." बाबा म्हणाले.

"मोठ्या जातीचं पिल्लू आहे हे. याचं भय कमी वाढीचं नसतं, जास्त वाढीचं असतं. जास्तीचं कॅल्शियम या वयात शरीराला बाहेर टाकता येत नाही, हाडांची वाढ बिघडते. वरून तुम्ही याचं भरलेलं पोतं करून ठेवलंय. मनगटाचे बंध अजून कोवळे, त्यावर एवढं ओझं, ते झुकणार नाहीत तर काय? याच्या बरगड्या दिसल्या नाहीत तरी हाताला लागल्या पाहिजेत. कुठे आहेत बरगड्या?"

तिघांनी बरगड्या शोधल्या. सापडल्या नाहीत. पैलवानला गुदगुल्या झाल्या एवढंच.

डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडले. मोजकं खाणं, तेही मोठ्या जातीच्या पिल्लांचं. घसरणारी फरशी नको, पाय रुतेल असा पृष्ठभाग हवा. रोज थोडं मोकळं चालणं. जिने नाहीत, उड्या तर अजिबात नाहीत. "बहुतेक महिन्या-दोन महिन्यांत सरळ होईल. पण एक लक्षात ठेवा. दोन्ही पाय सारखे झुकलेत तोवर मी निवांत आहे. एकच पाय वेगळा वागायला लागला, वाकायला किंवा आखूड राहायला लागला, तर त्या पायातल्या एका हाडाची वाढ थांबली असं समजायचं. उडीने, आपटल्याने होतं तसं. मग हाड कापून शस्त्रक्रिया करावी लागते, आणि उशीर झाला तर तीही साधत नाही. तसं दिसलं तर लगेच या."

घरी परतताना बाबा खुशीत होते. पूर्ण भाषणातला 'आखूड' हा एकच शब्द त्यांनी उचलला होता. आखूड! म्हणजे हे मोजता येण्यासारखं होतं.

लवंगीने मात्र 'उडी' हा शब्द उचलला होता.

झालं होतं असं. पंधरवड्यापूर्वी शाळेतल्या चार मैत्रिणी पैलवानला बघायला आल्या होत्या. नुसता बसलेला कुत्रा काय दाखवायचा, म्हणून लवंगीने त्याला दिवाणावर चढवून "हुप्प!" म्हटलं की खाली उडी मारायला शिकवलं. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या म्हणून पुन्हा हुप्प. अकराव्या की बाराव्या उडीला पैलवान फरशीवर घसरला आणि डावा पाय अंगाखाली येऊन 'क्यांऽऽव' ओरडला. मग लगेच उठून शेपटी हलवू लागला, म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नाही. आता ते 'क्यांऽऽव' तिला गणिताच्या तासालाही ऐकू येऊ लागलं.

घरात मोहीम सुरू झाली. आईने आजवर जी फरशी तोंड दिसेपर्यंत पुसली होती, ती झाकायची म्हणजे तिच्या जिवावर आलं. पण एकदा ठरल्यावर तिने जुन्या जीन्स, पोती, पायपुसणी सगळं उसवून, जोडून, खालून रबर लावून असे पट्टे शिवले की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत घर एखाद्या नकाशासारखं दिसू लागलं. न झाकलेला फक्त एक हातभर तुकडा राहिला होता. बाबा नेमके त्यावरूनच घसरले आणि 'या घरात माझ्या हाडांचा विचार कोण करतं' या विषयावर अर्धा तास बोलले.

आणि बाबांनी नोंदवही उघडली. खात्याची, लाल पुठ्ठ्याची. दर रविवारी सकाळी आठ वाजता पैलवानच्या दोन्ही पुढच्या पायांचं कोपरापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. जागा ठरली मागच्या बाल्कनीतली, जिथे कपडे धुतले जात. सबंध घरात तेवढीच फरशी खरखरीत, तिथे पैलवान न घसरता उभा राही. त्याचं पाण्याचं भांडं भिंतीशी ठेवायचं, तो भिंतीकडे तोंड करून पाणी पीत उभा राहिला की काटकोन साधणारा सुताराचा गुण्या लावायचा, स्टीलची पट्टी लावायची, श्वास रोखायचा आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. आकडा लिहिण्याचं काम लवंगीचं. पुन्हा मोजायचं, पुन्हा लिहायचं, तीन वेळांची सरासरी. पैलवान मधेच हलला तर ती नोंद बाद.

पहिल्या रविवारी डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर आखूड भरला.

"केसांमुळे असेल," आई म्हणाली.

"मी केस दाबून मोजतो," बाबा दुखावून म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा चार. तिसऱ्या रविवारी पाच. चौथ्या रविवारी बाबांनी तीनदा मोजलं, चष्मा बदलून आणखी तीनदा मोजलं आणि आकडा मोठ्याने म्हणायच्या ऐवजी हळूच म्हणाले, "सहा."

लवंगीच्या हातातली पेन्सिल थांबली. बाकी सगळं सुधारत होतं. पोट आत गेलं होतं, बरगड्या सापडल्या होत्या, मनगटं जरा वर आली होती. पण डावा पाय मागे पडत चालला होता. तोच, जो उडीत अंगाखाली आला होता. पैलवान पाणी पिऊन झाल्यावर नेहमीप्रमाणे भांडं नाकाने उलटं करून तिच्याकडे बघत होता, हुप्प म्हणते की काय या आशेने.

तिला ते बघवेना. ती आत जाऊन उशीत तोंड खुपसून बसली.

सोमवारी शाळा बुडवून ती बाबांबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी नोंदवहीवर एक नजर टाकली, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "एक्स-रे काढू. खिडकीवरून अर्ज भरून आणा."

खिडकीमागे एक कारकून होते, खिडकीएवढेच चौकोनी. त्यांनी दिलेल्या अर्जात एकोणीस रकाने होते. जनावराचा प्रकार: गाय, म्हैस, बैल, वासरू, शेळी, मेंढी, कोंबडी, इतर. दिवसाचं दूध किती. शिंगं आहेत की कापली. नांगराला जुंपता का.

बाबांनी 'इतर'वर खूण केली.

"इतर चालत नाही," कारकून म्हणाले.

"छापलंय ना?"

"छापलंय, पण चालत नाही. इतरला मोठ्या साहेबांची सही लागते. साहेब जेवतायत. तुम्ही असं करा, वासरू लिहा. आकाराने शोभतंय."

"मी सरकारी निरीक्षक आहे," बाबा म्हणाले. "एकवीस वर्षं नोकरी झाली. कुत्र्याला वासरू लिहून त्याखाली सही करू?"

"मग शेळी लिहा."

"शेळी!"

"साहेब, परवा एकाने पोपटाला कोंबडी लिहिलं. पोपटाची काही तक्रार नव्हती."

मागच्या रांगेतून एका गवळ्याने, "अहो, लिहून टाका वासरू, माझी म्हैस खोळंबलीय," असं म्हटलं. बाबा ताठ उभे राहिले. त्यांचं असंच होई. तत्त्वाची गोष्ट आली की ते जागचे हलत नसत, त्यामुळे पुढचं काहीच हलत नसे. पैलवान बाबांच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला.

लवंगीने अर्ज उचलला. समोर दार होतं, त्यावर पाटी होती, पाटीवर 'परवानगीशिवाय आत येऊ नये' असं लिहिलं होतं. गेल्या वर्षीच्या लवंगीने ती पाटी वाचली असती. या वर्षीची थेट आत गेली.

मोठे साहेब डब्यातला घास तोंडात धरून बघतच राहिले.

"साहेब, तुम्ही जेवा, उठू नका. फक्त उजवा हात उष्टा असेल तर डाव्याने सही केली तरी चालेल. माझा कुत्रा आहे, तो वासरू नाही. बाबांना खोटं लिहिता येत नाही आणि त्याचा पाय थांबायला तयार नाही. म्हणजे, वाढायला तयार नाही. म्हणजे..." इथे तिचा आवाज एकदम चिरकला.

साहेबांनी घास गिळला, डाव्या हाताने सही केली आणि वर विचारलं, "नांगराला जुंपता का, हा रकाना मोकळा का सोडलाय?"

"लहान आहे अजून," लवंगी म्हणाली.

एक्स-रे निघाला. डॉक्टरीणबाई काळा फोटो उजेडाच्या पेटीवर लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग मागे न वळता विचारलं, "कुठे पडला, उडी मारली, असं काही झालं होतं?"

"नाही," बाबा ठामपणे म्हणाले. "घरात कडक नियम आहे."

"झालं होतं," लवंगी म्हणाली. "मीच शिकवली होती. दिवाणावरून. बारा उड्या. शेवटच्या उडीला डावा पाय अंगाखाली आला, ओरडला तो. तुम्ही पहिल्यांदा सांगायच्या आधी. पण मी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही." आणि मग घाईघाईने, "मैत्रिणींना दाखवायला."

बाबा तिच्याकडे वळले. रागावणार असं तिला वाटलं, पण त्यांचा चेहरा पडला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"बरं केलंस सांगितलंस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून पुन्हा नीट पाहिलं. दोन्ही पायांची हाडं मी मोजली. लांबी सारखी. वाढीच्या जागा दोन्हीकडे उघड्या. कुठे इजा नाही. डावा पाय ठणठणीत आहे."

लवंगीला वाटलं, आपण आता खालीच बसणार. पण बाबा बसू देतील तर ना!

"अशक्य," बाबा म्हणाले.

"काय अशक्य?"

"सहा मिलिमीटरचा फरक आहे. चार रविवारच्या नोंदी आहेत. चढता क्रम आहे. तीन-तीन वाचनांची सरासरी आहे. माफ करा, पण हे तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासलं गेलं? प्रमाणपत्र आहे का?"

एक्स-रे काढणारा माणूस हळूच दारामागे सरकला.

"तुम्हाला," डॉक्टरीणबाई शब्द तोडत म्हणाल्या, "कुत्र्याचा पाय चांगला असल्याबद्दल तक्रार करायचीय का?"

"तक्रार नाही. पण माझी पट्टी प्रमाणित आहे. शिक्का आहे तिच्यावर. ती खोटं बोलत नाही."

"मग माझा फोटो खोटं बोलतो?"

दोन्ही बाजू इरेला पेटल्या. गवळी म्हैस बाहेर बांधून दारात येऊन उभा राहिला. कारकूनही आपली खिडकी सोडून आले. लवंगी मधे उभी राहून नोंदवहीकडे बघत होती. चार, चार, पाच, सहा. तिचंच अक्षर. पट्टी खोटं बोलत नव्हती. फोटोही खोटं बोलत नव्हता. पैलवानला तर खोटं बोलताच येत नव्हतं. मग कोण?

तिच्या डोळ्यांसमोर कालचीच सकाळ आली. पैलवानने भांडं उलटं केलं होतं. आणि पाणी? पाणी नेहमी जातं तिकडेच गेलं होतं. उजवीकडे. कोपऱ्यातल्या भोकाकडे.

तिचे कान गरम झाले. स्वतःची चूक सांगणं एक वेळ सोपं होतं. पण बाबांची? तीही एवढ्या लोकांत? शहरातल्या यच्चयावत दुकानदारांना 'तराजू ठेवण्याआधी खालची जागा समतल आहे का बघा' असं एकवीस वर्षं बजावणाऱ्या माणसाची?

पण कोपऱ्यात डॉक्टरीणबाईंचा चेहरा लाल झाला होता, आणि बाबा आता दुसऱ्या दवाखान्याचं नाव काढत होते. पैलवानला पुन्हा कुठल्यातरी टेबलावर आडवं पाडणार होते.

"बाबा," लवंगी म्हणाली. मग मोठ्याने, "बाबा! आपली बाल्कनी उतरती आहे."

"काय?"

"धुण्याचं पाणी जावं म्हणून तिला उजवीकडे उतार आहे. पैलवान दरवेळी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. त्याचा उजवा पाय खालच्या बाजूला येतो, डावा वरच्या. तुम्ही पाय नाही मोजलात. तुम्ही उतार मोजलात."

बाबा शेवटचा आधार धरल्यासारखं म्हणाले, "उतार तोच असतो. मग चारचे सहा कसे झाले?"

"त्याची छाती रुंदावली!" लवंगी जवळजवळ ओरडली, कारण हे तिला त्याच क्षणी सुचलं होतं. "दोन पायांतलं अंतर वाढलं, म्हणून फरक वाढला. बाबा, तो मागे नाही पडला, तो वाढतोय!"

गवळी म्हणाला, "पोरगी हुशार आहे हो."

बाबांनी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा कागद ओढला, त्यावर एक तिरकी रेघ मारली, रेघेवर चार पायांचं काहीतरी काढलं, खाली गुणाकार केला, पुन्हा केला. मग पेन बंद करून खिशाला लावलं. त्यांचा चेहरा त्या दुकानदारांसारखा झाला होता, ज्यांचे तराजू ते जप्त करत.

"मी काल-परवाच एका किराणावाल्याला," ते अगदी हळू म्हणाले, "काट्याखाली फळी नीट बसवली नाही म्हणून समज दिली."

आणि मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळून, नमस्कार करून म्हणाले, "तुमचं यंत्र बरोबर आहे. चूक मोजणाऱ्याची आहे. ती सहा मिलिमीटरची आहे. माझ्या मुलीने पकडली."

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज बदलला, आणि मान इतकी वर गेली की एक्स-रे काढणाऱ्याला वाटलं, यांचाही मणका तपासावा.

घरी येईपर्यंत बाबा उडीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जिन्याशी मात्र थांबले. "उडीचं आधी सांगायला हवं होतंस."

"हो."

"आज सांगितलंस, तेही नोंदवून घेतलंय." एवढंच.

पुढचे दोन महिने पैलवान मोजकं जेवला, आईच्या पट्ट्यांवरून चालला आणि गवतावर हवा तेव्हा पळून हवा तेव्हा थांबला. कंपाउंडरकाका मधूनमधून कॅल्शियमची आठवण काढत, तर पैलवान त्यांच्याकडे मोठ्या ऐटीत बघे, कारण आता तो बसला तरी त्यांच्या छातीपर्यंत येत होता. आणि एका सकाळी मैदानावर, कुणीही न सांगता, कुठल्याशा आवाजाने तो उभा राहिला. कान टवकारलेले. मनगटं उभी, पंजे समोर, दोन्ही पाय दोन खांब. आपल्या हातून घडलेली एवढी सुंदर गोष्ट लवंगीने अजून पाहिली नव्हती. घडलेली म्हणण्यापेक्षा, आपल्या हातून थोडक्यात न बिघडलेली.

"क्या बात है," फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले. "काय पाय आहेत! पहिल्यापासून असेच का?"

बस्स, बाबांना एवढं पुरेसं होतं. गेले दोन महिने ते हीच गोष्ट सांगत सुटले होते. दूधवाल्याला, आपल्या साहेबांना, तपासणीला गेलेल्या प्रत्येक दुकानात, जिथे दंड होईल म्हणून घाबरलेला माणूस काउंटरमागे घाम पुसत ऐकून घेई. एकवीस वर्षांत हातून एकही चूक झाली नाही असं सांगणारा माणूस आता ओळख नसलेल्यांना गाठून आपली चूक ऐकवत होता.

"अहो, कसले पहिल्यापासून! काय घोळ घातला होता मी, विचारू नका. डावा पाय आखूड ठरवून मोकळा झालो होतो. शस्त्रक्रियेपर्यंत पाळी आली होती. आणि ही माझी मुलगी, नववीत आहे, तिने तिथल्या तिथे, डॉक्टरांच्या, कारकुनाच्या, गवळ्याच्या देखत..."

लवंगी लाजून पैलवानच्या गळ्यातला पट्टा सारखा करू लागली. पट्टा मुळीच वाकडा नव्हता.

"किती फरक येत होता मापात?" आजोबांनी विचारलं.

बाबांनी क्षणभर लवंगीकडे पाहिलं. त्या दिवशी दवाखान्यात चूक सहा मिलिमीटरची होती. दूधवाल्याला सांगताना ती आठची झाली होती आणि साहेबांना सांगताना दहाची. दर वेळी लवंगी मधे पडून "सहा, बाबा" असं दुरुस्त करी आणि बाबा "तेच ते" म्हणून पुढे जात. चूक जेवढी मोठी तेवढी ती पकडणारी मोठी, हा हिशोब तिच्या कधीच लक्षात आला होता.

"दोन सेंटिमीटर!" बाबा म्हणाले. बोटांनी दाखवलं ते अंतर तर पेरभर जास्तच होतं.

"बापरे!" आजोबा म्हणाले आणि लवंगीकडे आदराने पाहू लागले.

लवंगीने तोंड उघडलं. मग पैलवानच्या पाठीवर हात ठेवला आणि ते तसंच मिटलं.